एकच वचन, निराळे अर्थ : मुसलमानी विवाहांतील पतिपत्नींचे अधिकार

एकोणिसावें शतक संपत आलें होतें. अलीगढ येथें सर सय्यद अहमद खान यांच्या भेटीस लाहोरचे एक मौलवी आले. वय तिशीच्या पुढचें. हातांत उर्दूंत लिहिलेलें एक हस्तलिखित. विषय होता, इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणें स्त्रियांना असलेले हक्क. सर सय्यदांनीं पानें चाळावयास आरंभ केला आणि त्यांची मुद्रा पालटूं लागली. चेहरा रागानें लाल झाला, आणि अखेर त्यांनीं तें हस्तलिखित फाडून कचऱ्याच्या टोपलींत टाकून दिलें. तेवढ्यांत जेवणाची वर्दी आली. यजमान उठून आंत गेले, तेव्हां मौलवींनीं फाटलेलीं पानें टोपलींतून उचलून घेतलीं. सर सय्यदांच्या मनाला दुःख होऊं नये म्हणून त्यांच्या हयातींत तो ग्रंथ छापला गेला नाहीं. १८९८ च्या मार्च महिन्यांत सर सय्यद निवर्तले, आणि त्याच वर्षीं लाहोरास ‘हुकूक-ए-निस्वां’ म्हणजे ‘स्त्रियांचे हक्क’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या मौलवींचें नांव मुमताज अली. अशी ही हकीकत सांगतात.

या हकीकतींत आश्चर्य वाटावें असें एक आहे. हस्तलिखित फाडणारा पुरुष कोणी अडाणी किंवा जुनाट मताचा नव्हता. मुसलमान समाजांत पाश्चात्य विद्येचें बीज ज्यानें रोवलें, कुराणाचा अर्थ बुद्धीला पटेल अशा रीतीनें लावण्याचा ज्यानें आग्रह धरला, तोच हा सुधारक. उलट ग्रंथ लिहिणारे मुमताज अली कांहीं धर्मावरची श्रद्धा उडालेले नवशिके नव्हते. देवबंद हें त्यांचें जन्मगांव, आणि तेथील प्रसिद्ध मदरशांत त्यांचें धर्मशास्त्राचें अध्ययन झालें होतें. तेव्हां हा वाद धर्म मानणारे आणि न मानणारे यांच्यामधला नव्हता. एकच ग्रंथ मस्तकीं धरणाऱ्या माणसांमध्यें त्या ग्रंथांतील वचनांच्या अर्थाविषयीं तो होता. महाराष्ट्रांतील वाचकाला हा प्रकार अपरिचित नाहीं. विधवाविवाहाच्या प्रश्नावर १८७० सालीं पुण्यास जो शास्त्रार्थ झाला, त्यांतही दोन्ही पक्षांच्या हातीं त्याच स्मृति होत्या.

वादाचें मूळ समजण्यासाठीं प्रथम प्रमाणांची मांडणी पाहिली पाहिजे. मुसलमानी शास्त्रांत पहिलें प्रमाण कुराण. दुसरें हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्तींच्या व आचरणाच्या परंपरेनें आलेल्या आठवणी. त्यांच्या जोडीला विद्वानांचें एकमत आणि तर्कानें काढलेलें अनुमान. या सामग्रीवरून पहिल्या दोन-तीन शतकांत धर्मशास्त्राच्या निरनिराळ्या शाखा सिद्ध झाल्या. सुन्नी पंथांत हनफी, मालिकी, शाफई व हंबली या चार शाखा अखेर टिकून राहिल्या. शियांचें शास्त्र निराळें. उत्तर हिंदुस्थानांत बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी शाखेचे. कोंकणच्या किनाऱ्यावरील मुसलमान मात्र मलबारच्या मुसलमानांप्रमाणें शाफई शाखेचे आहेत. अरबी समुद्रावरील व्यापाराबरोबर आलेला हा वारसा होय. चारही सुन्नी शाखा परस्परांना प्रामाणिक मानतात. पण विवाहाच्या बाबतींत त्यांचे निर्णय पुष्कळदां एकमेकांहून फार दूर जातात.

विवाहांतील अधिकारांची चर्चा ज्या वचनाभोंवतीं फिरते, तें कुराणाच्या चौथ्या अध्यायांतील चौतिसावें वचन होय. या अध्यायाचें नांवच ‘निसा’, म्हणजे स्त्रिया. पुरुष हे स्त्रियांचे ‘कव्वाम’ आहेत, असें तेथें म्हटलें आहे, आणि त्याचीं कारणें दोन दिलीं आहेत : ईश्वरानें कांहींना इतरांहून अधिक दिलें, हें एक, आणि पुरुष आपल्या मिळकतींतून खर्च करतात, हें दुसरें. ‘कव्वाम’ हा शब्द उभें राहणें या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. जो एखाद्या गोष्टीच्या पाठीशीं उभा राहतो, तिची व्यवस्था पाहतो, तो कव्वाम. आतां व्यवस्था पाहणारा म्हणजे धनी, कीं पोशिंदा? बाराव्या शतकांतील भाष्यकार जमख्शरी यानें प्रजेवर हुकमत चालविणाऱ्या सुभेदाराची उपमा देऊन पहिला अर्थ घेतला, आणि बहुतेक जुन्या भाष्यकारांचा कल तिकडेच होता. दुसरा अर्थ घेणारे म्हणतात कीं, खर्च करणें हें कारण वचनांतच सांगितलें आहे. तेव्हां हें पद पोषणाच्या जबाबदारीचें आहे, आणि जबाबदारी टाकली कीं पदही गेलें.

याच वचनांत पुढें बायकोच्या आडमुठेपणावर उपाय सांगतांना उपदेश, शय्या वेगळी करणें आणि मारणें अशा तीन पायऱ्या आल्या आहेत. या तिसऱ्या पायरीनें विचारी मुसलमानांना सर्व काळीं अस्वस्थ केलें आहे. मक्केचे एक अगदीं जुने शास्त्री अता बिन अबी रबाह यांचें मत असें नमूद आहे कीं, नवऱ्यानें रागवावें, पण हात उगारूं नये. आणि अंदलुशियाचे काजी इब्न अल्-अरबी यांनीं बाराव्या शतकांत त्यांच्या मार्मिकतेची प्रशंसा केली. इतर कित्येक शास्त्र्यांनीं इजा होतां कामा नये, तोंडावर मारतां कामा नये, अशा अटी घालून अर्थ आवळीत नेला. म्हणजे निराळें वाचन ही कांहीं इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली वस्तु नव्हे. पहिल्या पिढ्यांपासूनच तें चालत आलें आहे.

या एका वचनाच्या शेजारीं दुसरीं वचनेंही आहेत. स्त्रियांवर जशीं कर्तव्यें आहेत तसेच त्यांना हक्कही आहेत, असें दुसऱ्या अध्यायांत सांगून लगेच पुरुषांना एक पायरी वरची दिली आहे. तिसाव्या अध्यायांत पतिपत्नींच्या नात्याचें वर्णन विसावा, प्रेम आणि दया या शब्दांनीं केलें आहे. चार बायकांपर्यंत परवानगी देणारें वचन न्यायाची अट घालतें आणि न्याय होणार नाहीं अशी भीति असेल तर एकच करावी असें सांगतें. तर त्याच अध्यायांत पुढें, कितीही इच्छा केली तरी अनेक बायकांमध्यें पूर्ण न्याय करणें पुरुषाला जमणार नाहीं, असें म्हटलें आहे. हदीसांतही असेंच आहे. ईश्वराखेरीज कोणापुढें मस्तक टेकण्याची आज्ञा असती तर ती बायकोला नवऱ्यापुढें असती, या आशयाची एक हदीस आहे; आणि पैगंबर घरीं असतांना घरकामांत हातभार लावीत, ही आयेशेची आठवणही हदीसच आहे. कोणतें वचन प्रधान मानावें आणि कोणतें त्याच्या प्रकाशांत वाचावें, यावर सारा शास्त्रार्थ अवलंबून राहतो.

विवाह हा इस्लामी शास्त्रांत संस्कार नसून करार आहे. दोन्ही पक्षांची संमति, साक्षीदार आणि नवऱ्यानें बायकोला द्यावयाची मेहर हे त्याचे घटक. लग्नानंतरही बायकोची मिळकत तिचीच राहते. इंग्लंडांत विवाहित स्त्रीला हा हक्क १८८२ च्या कायद्यानें मिळाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व कळतें. नवऱ्यानें पोटगी द्यावी आणि बायकोनें आज्ञेंत राहावें, अशी शास्त्र्यांनीं देण्याघेण्याची जोडी लावली. परंतु करार मोडण्याच्या बाबतींत तराजू एका बाजूला झुकला. नवऱ्याला तलाक उच्चारून मोकळें होतां येई. बायकोला ‘खुला’ची वाट होती, मेहर परत करून सुटका मागावयाची. या वाटेचें मूळ पैगंबरांच्या काळच्या एका प्रसंगांत आहे. साबित बिन कैस याच्या बायकोनें पैगंबरांपाशीं येऊन सांगितलें कीं, नवऱ्याच्या वागणुकींत वा धर्मनिष्ठेंत दोष नाहीं, पण त्याच्याजवळ राहणें तिला अशक्य आहे. मेहरींत मिळालेली बाग परत करशील का, असें विचारतां तिनें होकार दिला, आणि पैगंबरांनीं साबितला बाग घेऊन तिला मोकळें करण्यास सांगितलें. आतां हें सांगणें वडीलकीचा सल्ला होता, कीं न्यायाधीशाचा हुकूम? सल्ला असेल तर नवऱ्याच्या संमतीवांचून खुला नाहीं. हुकूम असेल तर काजीला ती सुटका देतां येईल. हनफी शास्त्र्यांनीं पहिला अर्थ घेतला. एका क्रियापदाच्या अशा अर्थावर पुढें शतकानुशतकें असंख्य बायकांचें आयुष्य अडून राहिलें.

आतां पुन्हां देवबंदकडे वळावयास हवें. मुमताज अलींचा जन्म १८६० चा. त्यांच्यामागून तीन वर्षांनीं, देवबंदपासून फार दूर नसलेल्या थाना भवन या गांवीं अश्रफ अली थानवी यांचा जन्म झाला. तेही देवबंदच्या मदरशाचेच विद्यार्थी. कानपुरास कांहीं वर्षें अध्यापन करून ते आपल्या गांवीं परतले आणि १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच धर्मोपदेश करीत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं ‘बहिश्ती जेवर’ म्हणजे ‘स्वर्गींचा अलंकार’ हा मुलींसाठीं मोठा ग्रंथ सिद्ध केला. अक्षरओळखीपासून नमाज, हिशेब, पत्रलेखन, स्वयंपाक आणि औषधपाण्यापर्यंत सर्व कांहीं त्यांत आहे. उत्तरेंतील असंख्य घरांतून लेक सासरीं निघतांना कुराणाच्या जोडीनें हा ग्रंथ तिच्या सामानांत ठेवीत.

थानवींचें वाचन जुन्या शास्त्राला धरून आहे. नवऱ्याची मर्जी सांभाळणें, त्याच्या परवानगीवांचून घराबाहेर न जाणें, त्याच्या रागाला उलट उत्तर न देणें, हा बायकोचा धर्म त्यांनीं निःसंदिग्धपणें सांगितला आहे. पण त्याच ग्रंथाची दुसरी बाजूही आहे. स्त्रीची बुद्धि किंवा नीति मुळांतच हीन असते, असें मत तेथें नाहीं. जें धर्मज्ञान पुरुषाला आवश्यक तेंच स्त्रीलाही आवश्यक, असा ग्रंथाचा पाया आहे. लग्नांतील उधळपट्टी, मानपान आणि शास्त्रांत नसलेल्या रूढि यांवर त्यांनीं कडक टीका केली आहे. नवऱ्याच्या नातलगांपासून वेगळी अशी राहण्याची जागा मिळणें हा बायकोचा हक्क आहे, हें शास्त्रवचनही त्यांनीं मुलींना समजेल अशा भाषेंत सांगितलें आहे. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या सुनेला आपल्याला असा हक्क आहे हें पुष्कळदां याच ग्रंथानें पहिल्यानें कळलें असेल. थानवींच्या दृष्टीनें घरांत पायऱ्या आहेत. परंतु प्रत्येक पायरीवरच्या माणसाचा हक्क ईश्वरानें नेमलेला आहे, आणि तो बुडविणारा नवराही पापाचाच धनी होतो.

मुमताज अलींनीं त्या पायऱ्याच नाकारल्या. देवबंदहून ते लाहोरास गेले, इंग्रजी शिकले, न्यायालयांत भाषांतरकाराचें काम करूं लागले. ख्रिस्ती मिशनऱ्यांशीं वाद करतांना इस्लामांतील स्त्रियांच्या स्थितीवर होणारे आक्षेप त्यांना ऐकावे लागत, आणि त्यांतूनच या विषयाचा त्यांनीं ध्यास घेतला. पुरुष श्रेष्ठ कां, या प्रश्नाला समाजांत जीं उत्तरें देत असत, तीं त्यांनीं एकेक करून तपासलीं. पुरुषाचें शरीरबळ अधिक म्हणावें, तर ओझें वाहणारें जनावर माणसाहून बळकट असतें. म्हणून तें श्रेष्ठ ठरत नाहीं. दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाबरोबर मोजावी हें वचन देण्याघेण्याच्या व्यवहारापुरतें आहे. त्या काळच्या स्त्रियांना अशा व्यवहाराची संवय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून बुद्धीचा निवाडा होत नाहीं. बहुपत्नीकत्वाची परवानगी न्यायाच्या अटीनें बांधलेली आहे, आणि ती अट माणसाला पाळतां येण्याजोगी नाहीं. विवाह हा परस्परांच्या खऱ्या संमतीनें व्हावा, मुलीची संमति ही नांवापुरती विधीची बाब नसावी, हा त्यांचा आग्रह होता. जें पुरुषी वर्चस्व धर्म म्हणून सांगितलें जातें तें वस्तुतः रूढि आहे, हें त्यांच्या ग्रंथाचें सार. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८९९ सालीं, कैरो येथें कासिम अमीन यांचा स्त्रियांच्या मुक्तीवरचा अरबी ग्रंथ निघाला आणि मिसर देशांत मोठें वादळ उठलें. तेथेंही मुफ्ती मुहंमद अब्दुह यांच्यासारखे शास्त्री न्यायाच्या त्याच अटीवर बोट ठेवून बहुपत्नीकत्वाविरुद्ध बोलत होते.

मुमताज अलींनीं मत सांगितलें आणि तें घरांत आचरूनही दाखविलें. १८९८ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं ‘तहजीब-ए-निस्वां’ हें स्त्रियांसाठीं उर्दू साप्ताहिक काढलें आणि त्याचें संपादन पत्नी मुहंमदी बेगम यांच्या हातीं दिलें. नमुन्याचे अंक ज्यांच्याकडे पाठविले त्यांतील कित्येकांनीं पाकिटावर शिव्या लिहून ते परत धाडले. परंतु पत्र बंद पडलें नाहीं. मुहंमदी बेगम १९०८ सालीं ऐन तारुण्यांत वारल्या, तरी पुढें कित्येक वर्षें पडद्यांतील स्त्रिया त्या पत्रांतून एकमेकींना लिहीत राहिल्या. मुमताज अली १९३५ सालीं निवर्तले. ‘अनारकली’ या प्रसिद्ध उर्दू नाटकाचे कर्ते इम्तियाज अली ताज हे त्यांचेच चिरंजीव.

मग सर सय्यदांचा राग कशाचा होता? १८८२ सालीं शिक्षण कमिशनपुढें साक्ष देतांना त्यांनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं, मुसलमान पुरुष सुशिक्षित झाल्यावांचून स्त्रीशिक्षणाचा उद्योग फलद्रूप होणार नाहीं. इस्लामानें स्त्रीला दिलेले हक्क पुरेसे आहेत, उणीव आचरणांत आहे, अशी त्यांची समजूत होती. अगोदरच ‘बाटलेला’ म्हणून दूषण सोसणाऱ्या या वृद्धाला घराच्या उंबरठ्याच्या आंत वाद नेणें म्हणजे सारें कार्य बुडविणें वाटलें असल्यास नवल नाहीं. सुधारकाचें धैर्यही उंबरठ्यापाशीं अडतें, हा अनुभव मराठी समाजसुधारणेच्या इतिहासांतही मिळतो.

१९१८ च्या मार्चमध्यें लाहोरास मुसलमान स्त्रियांची परिषद भरली आणि तिनें बहुपत्नीकत्वाच्या चालीविरुद्ध ठराव केला. शास्त्राच्या अर्थाविषयीं आतांपर्यंत पुरुष बोलत होते. आतां ज्यांच्यावर तो अर्थ लागू होई त्यांनींच तोंड उघडलें. त्यावर वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला. परंतु याहून बिकट पेंच पुढें उभा राहिला, आणि त्यानें सनातनी पंडितांनाही स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

तो पेंच असा. हनफी शास्त्राप्रमाणें नवरा परागंदा झाला तर त्याच्या वयाचीं माणसें मरेपर्यंत, कित्येकांच्या हिशेबानें त्याच्या जन्मापासून नव्वद वर्षें होईपर्यंत, बायकोनें वाट पाहावयाची. नवरा पोटगी देत नाहीं, नांदवीत नाहीं आणि तलाकही देत नाहीं, अशा बायकोलाही वाट नव्हती. परंतु बायकोनें धर्म सोडला तर विवाह तत्काळ मोडतो, असा याच शाखेचा प्रचलित नियम होता. जुन्या राज्यांत धर्म सोडणाऱ्या बायकोला कैदेंत ठेवून परत आणण्याची तजवीज शास्त्रानें केली होती. इंग्रजी अमलांत ती तजवीज उरली नाहीं, आणि विवाह मोडण्याचा नियम तेवढा न्यायालयांनीं उचलला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पंजाबांत पीडलेल्या मुसलमान बायका नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठीं ख्रिस्ती झाल्याचें जाहीर करूं लागल्या. ज्या शास्त्रानें त्यांचा संसार राखावयाचा, त्याच शास्त्रापायीं त्यांना आपला ईश्वर सोडावा लागत होता.

कवि मुहंमद इकबाल यांनीं आपल्या व्याख्यानांत या गोष्टीचा उघड उल्लेख केला. तीं व्याख्यानें १९३० सालीं लाहोरास ग्रंथरूपानें निघालीं. शास्त्राचा हेतु धर्म, जीवित, बुद्धि, वित्त व संतति यांचें रक्षण हा असेल, तर या देशांत हा नियम धर्माचें रक्षण करतो काय, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. विवाह हा करार असल्यामुळें तलाकचा अधिकार करारांतच कांहीं अटींवर बायकोच्या हातीं देतां येतो, या जुन्या सोयीकडेही त्यांनीं लक्ष वेधलें.

आणि उत्तर आलें तें थाना भवनहून. ज्यांनीं मुलींना आज्ञापालन शिकविलें, त्याच अश्रफ अली थानवींनीं उतारवयांत, १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, ‘अल्-हीलतुन्नाजिजा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अगतिक बायकोसाठीं यशस्वी ठरणारा उपाय, असा त्याच्या पूर्ण नांवाचा आशय आहे. शाखेचा निर्णय सहसा सोडूं नये हें थानवींचें आयुष्यभराचें मत. पण खरी निकड असेल तर दुसऱ्या शाखेचा निर्णय घेतां येतो, हाही शास्त्राचाच नियम. म्हणून त्यांनीं मदिनेच्या मालिकी मुफ्तींशीं पत्रव्यवहार केला, त्यांचे निर्णय मागविले, आणि इतर उलेमांची संमति घेतली. परागंदा नवऱ्याबाबत मालिकी शाखेची मुदत चार वर्षांची. पोटगी न देणारा, छळ म्हणून अडकवून ठेवणारा, वेडा किंवा नपुंसक नवरा असेल तर काजीनें, आणि काजी नसेल तेथें धर्मनिष्ठ मुसलमानांच्या पंचायतीनें, विवाह मोडावा असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्याचबरोबर धर्म सोडल्यानें विवाह मोडतो हा निर्णय बाजूस ठेवून, तो मोडत नाहीं असें सांगणाऱ्या जुन्या हनफी पंडितांचें मत त्यांनीं स्वीकारलें. एक दार बंद केलें, पण त्याआधीं दुसरें उघडून दिलें.

या ग्रंथाच्या आधारें मध्यवर्ती कायदेमंडळांत मुहंमद अहमद काजमी यांनीं १९३६ सालीं विधेयक आणलें, आणि १७ मार्च १९३९ रोजीं मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा मंजूर झाला. चार वर्षें नवऱ्याचा पत्ता नसणें, दोन वर्षें पोटगी न देणें, सात वर्षें वा अधिक कैदेची शिक्षा, तीन वर्षें वैवाहिक कर्तव्यें टाळणें, क्रूर वागणूक इत्यादि कारणांनीं मुसलमान स्त्रीला न्यायालयांतून विवाह मोडून मागण्याचा हक्क मिळाला. क्रूरतेच्या व्याख्येंत तिच्या मिळकतीची विल्हेवाट लावणें, तिच्या धर्माचरणांत अडथळा आणणें आणि अनेक बायका असतांना कुराणाप्रमाणें समतेनें न वागवणें हेंही आलें. केवळ धर्म सोडल्यानें विवाह मोडणार नाहीं, असें चवथें कलम सांगतें. खटला मुसलमान न्यायाधीशापुढेंच चालावा, ही उलेमांची मागणी मात्र सरकारनें वगळली, आणि त्यामुळें त्यांच्यांतील मोठा वर्ग असमाधानी राहिला. तरी हिंदु स्त्रीला घटस्फोटाचा हक्क सबंध देशभर १९५५ सालीं मिळाला, हें लक्षांत घेतां या कायद्याचें मोल कळून येतें. तो भारतांत आजही चालू आहे.

पुढचा इतिहास एकाच दिशेनें गेला नाहीं. १९५६ सालीं ट्युनिसिया देशानें बहुपत्नीकत्वावर बंदी घातली, आणि समर्थन न्याय अशक्य आहे या कुराणवचनाचेंच दिलें. १९६७ सालीं पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें साबितच्या बायकोच्या प्रसंगाचा दुसरा अर्थ घेतला आणि नवऱ्याच्या संमतीवांचूनही न्यायालय खुला देऊं शकतें असा निर्णय दिला. १९९२ सालीं अमेरिकेंतील अमीना वदूद या विदुषीचें कुराण आणि स्त्री या विषयावरचें पुस्तक निघालें. ‘कव्वाम’ हें पद सर्व पुरुषांना जन्मतः मिळालेलें नसून दिलेल्या दोन अटी पुऱ्या करणाऱ्यालाच तें लागू आहे, असें वाचन त्यांत आहे. दुसरीकडे जुना अर्थ प्रमाण मानणारे विद्वानही तितक्याच निष्ठेनें सांगतात कीं, घराला एक कर्ता लागतो. त्याच्यावरचें ओझें काढून घेतलें तर पोटगीचें संरक्षणही स्त्रीच्या हातून जाईल. हा युक्तिवाद केवळ पुरुषांचाच आहे असें नाहीं; कित्येक सुशिक्षित मुसलमान स्त्रियाही तो मनापासून मांडतात.

महाराष्ट्रांत या वादाला तिसरेंच वळण लागलें. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईस सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, आणि १९७० सालीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. वचनाचा अर्थ काढीत बसण्यापेक्षां नागरिक म्हणून स्त्रीचा समान हक्क मागावा, ही त्यांची भूमिका होती. पण शास्त्रार्थाचा मार्गही येथें निष्फळ ठरला नाहीं. २००२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठानें ठरविलें कीं, नवऱ्यानें तलाक दिला असें नुसतें म्हणून चालणार नाहीं. त्याला योग्य कारण होतें आणि आधीं दोन्ही कुटुंबांच्या मध्यस्थांनीं समेटाचा यत्न केला होता, हें त्यानें सिद्ध केलें पाहिजे. ही मध्यस्थीची आज्ञा कुराणाच्या चौथ्या अध्यायांतील पस्तिसाव्या वचनांत, म्हणजे ‘कव्वाम’ शब्द असलेल्या वचनाच्या लगेच पुढें, आलेली आहे. पुढें २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका दमांत उच्चारलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनीं रद्द ठरविला, आणि २०१९ च्या कायद्यानें तसा उच्चार शिक्षेस पात्र झाला.

मुमताज अली आणि अश्रफ अली थानवी यांचीं मतें आयुष्यभर जुळलीं नाहींत. एकानें स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीला बसविलें, दुसऱ्यानें तिला आज्ञाधारक गृहिणी केलें. असें असूनही पंजाबांतील अगतिक बायकोची सुटका दुसऱ्याच्या लेखणीनें झाली, आणि त्या बायकोचा आवाज ऐकूं येईल असें वातावरण पहिल्याच्या साप्ताहिकानें तयार केलें होतें. शास्त्र एक आहे कीं अनेक, याचा निवाडा पंडितांनीं करावा. दारावर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाचें दुःख दिसलें म्हणजे वाचणारा तेंच पान पुन्हां एकदां उघडतो, एवढें मात्र या इतिहासावरून दिसतें. कचऱ्याच्या टोपलींतून उचललेलीं पानें ज्यांनीं जपून ठेवलीं त्यांनीं तें केलें, आणि साठी उलटल्यावर मदिनेला पत्र लिहून ज्यांनीं आपल्याच शाखेचा निर्णय बाजूस ठेवला त्यांनींही तेंच केलें.